रवंथाचा माग

निंबाळखेड हे वाशीमकडचं, जऊळक्याच्या अलीकडचं गाव. तिथं रोज संध्याकाळी सात वाजले की ग्रामपंचायतीच्या गच्चीवरचा भोंगा कोकलतो आणि नऊपर्यंत सगळ्या गावाचे मोबाईल बंद. पोरांनी अभ्यास करायचा, बायांनी एकमेकींशी बोलायचं, आणि पुरुषांनी काय करायचं ते ग्रामसभेला काही ठरवता आलं नाही, म्हणून ते पारावर बसून एकमेकांच्या तोंडाकडं पाहत असतात. हा ठराव आणला शालिग्रामनं. भोंगा समितीचा अध्यक्ष तोच, बटण दाबणाराही तोच. साठी उलटलेला गडी, पण बोलणं असं भारदस्त, की शेंगदाणे घ्यायला दुकानात गेला तरी ठराव मांडल्यासारखा वाटायचा.

आता सांगू नये, पण सांगितल्याशिवाय गोष्ट पुढं सरकत नाही. हाच शालिग्राम बटण दाबून घरी यायचा, हातपाय धुवायचा, गोठ्यात जायचा आणि सगळ्यात आधी मोबाईल चालू करायचा.

त्याचं एक चॅनल होतं. नाव ‘बैलाचा रवंथ’. पडद्यावर दुसरं काही नाही, नुसतं बैलाचं तोंड. दोन नाकपुड्या, ओले ओठ आणि इकडून तिकडे फिरणारा जबडा. बैल शालिग्रामचाच, चांद्या. चांद्या रवंथ करायचा आणि त्यावर शालिग्राम नाकातून आवाज काढून बोलायचा, म्हणजे पाहणाऱ्याला वाटावं बैलच बोलून राह्यला. आणि काय बोलायचा म्हणता! सोसायटीच्या सचिवाची नवी गाडी, भजनी मंडळातली पेटीवरून लागलेली भांडणं, कोणाच्या लग्नात कोण न बोलावता जेवला. सगळ्यात जास्त बोलायचा सरपंचावर. लालसिंग सरपंचाची रंगवलेली मिशी, त्याची सभेतली झोप, माईक हातात आला की त्याची बदलणारी भाषा. रात्री नऊचा भोंगा वाजला रे वाजला की अख्खं गाव मोबाईल उघडायचं आणि बैल काय म्हणाला ते पाहून पोट धरून हसायचं. शालिग्रामही पारावर येऊन सगळ्यांबरोबर हसायचा आणि वरून म्हणायचा, “कोण असन बे हा? लय आगाऊ माणूस दिसते.”

व्हिडिओ चढवायला सात ते नऊचीच वेळ बरी. गाव बंद, सगळी लाईन मोकळी, सुळकन चढतो. एरवी चढवायला बसलं तर बैल म्हातारा व्हायचा.

लालसिंग त्याचा लहानपणचा दोस्त. दोघं एका म्हशीवर बसून नदीवर गेलेले. पूर्वी हे सगळं बोलणं शालिग्राम लालसिंगच्या ओट्यावर बसून, लालसिंगच्या तोंडावर बोलायचा. “लाल्या, तुले अक्कल नाई,” इथून सुरुवात व्हायची आणि चहावर संपायची. पण लालसिंग सरपंच झाला, ओट्यावर चार माणसं कायमची बसायला लागली, आणि शालिग्रामच्या तोंडून ‘लाल्या’ जाऊन ‘सरपंच’ आलं. मग ‘सरपंच साहेब’. साहेबाला अक्कल नाही असं कसं म्हणणार? ते काम त्यानं बैलाकडं दिलं.

तर झालं असं, की एका ग्रामसभेत लालसिंग उठला, घसा साफ केला आणि म्हणाला, “बंधू आणि भगिनींनो, अत्यंत खेदानं सांगावं लागतं, की भोंग्याच्या वेळात आपल्या गावात कुणीतरी इंटरनेट वापरतं. पंचायतीतल्या वायफायच्या डब्यावरचा दिवा लुकलुक करून राह्यला.” शेवटी शेवटी त्याची भाषा घरी परतायची.

सभेत कुजबुज झाली. शालिग्रामनं गप्प बसायला हवं होतं, पण तोंडाला सवय वाईट. तो ताडकन उठला आणि कडाडला, “कोण हाय तो हरामखोर? सापडू द्या! भर सभेत उभा करा त्याले, साऱ्या गावाले रोडग्याची पंगत द्यायले लावा, अन् तोंडानं गुन्हा कबूल करायले लावा! दयामाया नाई!”

टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की शालिग्रामला क्षणभर खरंच वाटलं आपण फार चांगलं बोललो. रोडगे म्हणजे शेणाच्या गोवऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे, वर तूप, सोबत वांग्याची भाजी. पंगतीचं नाव काढलं की आमच्याकडं न्यायाची बाजू आपोआप भक्कम होते. ठराव एकमतानं पास झाला. चौकशी समितीचा अध्यक्ष शालिग्राम. घराच्या वाटेवर अर्ध्यात आल्यावर त्याला कळलं, की धोंडा आपणच उचलला आणि आपल्याच पायावर पाडला.

दुसऱ्या दिवशी पंचायतीच्या खोलीत तिघं जमले. लालसिंग, शालिग्राम आणि योगिनी. योगिनी ही शालिग्रामच्या धाकट्या भावाची पोर. वाशीमला कॉम्प्युटर शिकून आलेली आणि पंचायतीत ऑपरेटर म्हणून बसलेली. डोक्यानं तल्लख, तोंडानं गरीब, आणि या दोन गोष्टी एकत्र असल्या की मोठ्यांनी जपून राहावं.

“मोठेबा, माग काढता येते,” योगिनी म्हणाली. “इंटरनेटवर जे जाते ते लहान लहान पुडक्यायनं जाते. हरेक पुडक्यावर कोठून निंगालं अन् कोठं चाल्लं ते लिहेल असते. ते वाचाचं एक अवजार हाय. टीसीपीडंप म्हनतात त्याले.”

“अन् पुडक्याच्या आत काय हाय तेही दिसते?” शालिग्रामनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

“नाई, आत कुलूप असते. वरचा पत्ता तेवढा दिसते.”

पत्ता दिसला तरी सत्यानाशच होता. शालिग्रामनं मान हलवली. “मंग लाव आत्ताच.”

“तेच तं अडलं,” योगिनी म्हणाली. “म्या शिकली ते लिनक्सवर. हा पंचायतीचा कॉम्प्युटर विंडोजचा. इथं टीसीपीडंप नाई.”

“नाई ना?” शालिग्रामच्या अंगात एकदम हत्तीचं बळ आलं. “अरेरे! लय वाईट झालं. मंग काय इलाज? सोडा आता. सरपंच साहेब, आपण प्रयत्न केला.”

“थांब ना पण,” लालसिंग म्हणाला. तो खुर्चीत रेलून मिशीवरून बोट फिरवत होता. “दुसरं एखादं असन तसंच. पाह्य बरं पोरी. अन् अध्यक्ष, मले एक शंका हाय. हा चोर अन् तो बैल, दोघं एकच असन तं? बैलाचा व्हिडिओ रोज नऊच्या आतच चढेल असते. आता आपण माग कवा काढणार, हे फक्त आपल्या तिघायले माईत. त्या दिवशी बैल चुप बसला, तं काय समजाचं?”

“काय?”

“चोर आपल्या तिघायतला हाय.”

झालं! शालिग्रामनं मनात ठरवलं होतं, की चौकशी चालू आहे तोवर चांद्याला सुट्टी. ती वाट लालसिंगनं काट्या टाकून बंद केली. बैल बोलला तर पुडकं सापडणार, नाही बोलला तर गप्पपणा सापडणार. आता बैलाला बोलू द्यायचं आणि अवजार चालू द्यायचं नाही, एवढा एकच रस्ता उरला.

योगिनीनं शोध लावायला वेळ घेतला नाही. पहिल्यांदा तिला विंडोजचा एक जुना हुकूम, म्हणजे कमांड, सापडला. तो माग काढायचा खरा, पण जी फाईल द्यायचा ती उघडायला आणखी तिसरंच अवजार लागायचं. शालिग्राम तिच्या मागं उभा राहून “अरेरे, अरेरे” म्हणत होता आणि पायाच्या अंगठ्यानं फरशीवर ताल धरत होता. मग ती एकदम टाळी वाजवून म्हणाली, “सापडलं! पीकेटीमॉन! विंडोजमधी आधीपासूनच बसेल हाय. कोणाले माईतच नाई.”

“हे तं दुसरंच नाव हाय,” शालिग्राम म्हणाला. “नाव येगळं म्हंजे काम येगळं. असं कोणतंबी अवजार लावून कसं चालन?”

“मोठेबा, आपण डवरा म्हनतो, पुण्याकडचे लोक त्यालेच कोळपं म्हनतात. तण तं तेच निंगते ना?”

डवऱ्याला नाही म्हणायची सोय नव्हती. शालिग्राम स्वतः आयुष्यभर डवरणी केलेला माणूस. गावाच्या वायफायची सगळी लाईन त्या कॉम्प्युटरमधूनच पुढं जायची. ते असं का जोडलं हे विचारू नका, जोडणारा केव्हाच गाव सोडून गेला. योगिनीनं नमुना म्हणून थोडा वेळ चालवून पाहिलं, पडद्यावर ओळीमागून ओळी पळाल्या, आणि ती म्हणाली, “उद्या भोंग्याच्या टायमाले लावू.”

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर चालूच होईना. खोका उघडून पाहिला तर आतल्या वायरी तुटलेल्या.

“उंदीर!” शालिग्राम आधीच तिथं हजर होता. “म्या कवाचा म्हनून राह्यलो, या खोलीत लय उंदीर झाले.”

योगिनीनं वायरीचं टोक उचलून डोळ्याजवळ नेलं. सुपारी कातरावी तशी सफाईदार कातरलेली वायर. शालिग्रामच्या खिशात अडकित्ता असतो हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

“मोठेबा,” ती अगदी गरीब आवाजात म्हणाली, “उंदरानं चारही स्क्रू काढले, आत गेला, वायरी खाल्ल्या, बाहेर आला अन् परत स्क्रू लावून देल्ले?”

“आजकालचे उंदीर लय बिलंदर हायेत पोरी,” शालिग्राम म्हणाला आणि कपाळावरचा घाम पुसला.

लालसिंगला एकाएकी खोकल्याची उबळ आली. तो तोंडाला रुमाल लावून बाहेर गेला आणि बराच वेळ बाहेरच खोकत राहिला.

आत आल्यावर त्यानं फर्मान काढलं, की कॉम्प्युटर दुरुस्तीला वाशीमला जाईल, तोवर गावाची लाईन सरळ जोडून द्यावी आणि माग काढायला योगिनीनं आपला लॅपटॉप मधे लावावा. योगिनीचा लॅपटॉप म्हणजे जुनापुराणा, पण त्यात लिनक्स होतं. म्हणजे तिच्या घरचीच जमीन. तिथं टीसीपीडंप एका हाकेत ओ देणार. इथं शालिग्रामची ठराव मांडायची सवय कामी आली.

“हरकत हाय!” तो म्हणाला. “चौकशी करनारीचंच यंत्र, अन् त्याच्यातलाच पुरावा? उद्या गाव म्हनन, पोरीनं घरून लिहून आनलं. माही पुतणी हाय म्हनून मलेच आधी बोलणं भाग हाय. यंत्र तटस्थ पाह्यजे.”

“मंग तूच सांग कोणतं घ्यावं,” लालसिंग म्हणाला. “अध्यक्षाचा ज्याच्यावर भरोसा, ते लावू.”

शालिग्राम विचार करत घरी आला. ओसरीत त्याचा पोरगा हरीओम मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. पोरगा पुण्याला नोकरीला, सणाला म्हणून आलेला आणि घरूनच काम करणारा. त्याचं ते यंत्र चांदीच्या ताटासारखं चकचकीत, पाठीवर अर्धं खाल्लेलं सफरचंद.

“हरीओम,” शालिग्रामनं त्याच्याजवळ बसत विचारलं, “ह्याच्यात विंडोजचं काम चालते काय रे?”

“छे, बाबा! याच्यात विंडोजचं काहीच चालत नाई. हे पूर्ण येगळं असते.”

“काहीच नाई?”

“काहीच नाई.”

शालिग्रामला पोराचा मुका घ्यावासा वाटला. डोक्यात हिशेब पक्का बसला. योगिनीला येतं लिनक्स. ओढूनताणून सापडलं विंडोज. हे तिसरंच, परक्या मुलखातलं, महागडं. इथं तिची डाळ शिजायची नाही. आणि गावासमोर आपली मान ताठ, की अध्यक्षानं पोटच्या पोराचं यंत्र दिलं. त्यानं जेवताना दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

कस्तुराबाई, म्हणजे त्याची बायको, वाढता वाढता म्हणाली, “तुमी रोज गोठ्यात कोणाशी बोलत असता?”

“चांद्याशी. मुकं जनावर हाय, बोलाव लागते.”

“अन् चांद्या काय म्हनते?”

“तो काय म्हनन? बैल हाय तो.”

“हं,” कस्तुराबाई म्हणाली आणि तिनं ताटात भाजी जरा जोरातच आदळली.

ठरलेल्या दिवशी शालिग्रामनं तयारी चोख केली. व्हिडिओ आदल्याच दिवशी करून ठेवला होता. सातला थोडा वेळ असताना त्यानं तो चढवायला लावला, मोबाईल गव्हाणीत कडब्याखाली ठेवला, चांद्याच्या पाठीवर थाप मारली आणि पंचायतीत येऊन स्वतःच्या हातानं भोंगा वाजवला. अध्यक्ष समितीसमोर बसलेला आणि बैल तिकडं बोलतोय, याहून पक्का पुरावा कोणता?

खोलीत हरीओम आपलं यंत्र लाईनला जोडून बसला होता. लालसिंग खुर्चीत. योगिनी पडद्यासमोर. शालिग्राम तिच्या शेजारी, चेहऱ्यावर दुखवट्याला आल्यासारखा गंभीर भाव.

“पोरी, मनाले लावून घेऊ नको,” तो म्हणाला. “नाई जमलं तं नाई जमलं. यंत्र लय येगळं हाय.”

“हो ना मोठेबा,” योगिनी म्हणाली. तिनं एक काळी खिडकी उघडली आणि त्यात तोच शब्द लिहिला. टीसीपीडंप. जसाच्या तसा, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. हरीओमनं पासवर्ड टाकला.

आणि ओळी धावायला लागल्या.

शालिग्रामचं तोंड उघडं राहिलं. “हे... हे तं लिनक्सचं हाय ना?”

“लिनक्स अन् हे चुलत भावावानी हायेत, मोठेबा. मूळ घराणं एक. विंडोज तेवढं परक्या घरचं, तिथंच नवं अवजार धुंडाव लागलं. इथं काही धुंडावंच लागलं नाई. तुमी हे यंत्र काढलं तवाच म्या म्हनलं, मोठेबाची समज लय खोल हाय.”

सगळं गाव बंद होतं, म्हणून पडद्यावर दुसरी गर्दीच नव्हती. एकच पत्ता. त्याच पत्त्यावरून पुडक्यांमागून पुडकी निघत होती. शालिग्राम आपला बैल ओळीओळीनं जाताना बघत होता. हे नाकपुडीचं पुडकं असेल, हे जबड्याचं, आणि हे त्यानं काल खास नाकात बोट घालून काढलेल्या आवाजाचं.

“एकच फोन हाय,” योगिनी हळूच म्हणाली. “अन् हा फोन वायफायले म्याच जोडून देल्ला होता. सांगू का?”

हरीओम पडद्याकडं, योगिनी जमिनीकडं, आणि लालसिंग थेट शालिग्रामकडं पाहत होता. शालिग्रामला वाटलं, की आता लालसिंग उठेल, बाहेर जाऊन गाव गोळा करेल आणि पुन्हा आयुष्यात आपल्या दारात पाऊल ठेवणार नाही. मिशीचं, झोपेचं, सगळंच लालसिंगला आता कळलं. गाव हसलं तर हसू दे, पण हा गेला तर? त्याला मनापासून भीती वाटली.

“राहू दे पोरी,” लालसिंग म्हणाला. “तो चांद्या माह्या गोठ्यात जन्मला. त्याच्या मायचं दूध पेलेला माणूस हाव मी. मले त्याचं थोबाड ओळखू नाई येणार? ह्याले गोऱ्हा म्याच देल्ला.”

“म्हंजे माईत होतं?” शालिग्रामनं विचारलं.

“पहिल्या दिवसापासून माईत हाय. मलेच नाई, साऱ्या गावाले. अबे, शेतकऱ्याच्या गावात बैलाचं तोंड दाखवून कोणी लपते काय? माणसाचं तोंड दाखवलं असतं तं एकखांदा चुकलाही असता.”

“म्हंजे ते बाबा हायेत?” हरीओम ओरडला. “बाबा! माह्या ऑफिसात सारे लोक तो बैल पाहतात!”

“मंग हे सारं कायले?” शालिग्रामनं विचारलं. “हा माग, हे यंत्र...”

“रोज रात्री तू माह्यावर हसवला सारा गाव. म्या म्हनलं, आपणही थोडंसं हसून घ्यावं. तो उंदीर तं मी मरेलोक विसरत नाई.” लालसिंग हसायला लागला आणि डोळे पुसायला लागला. योगिनीनंही हसू दाबायला तोंडावर धरलेली ओढणी आता काढली.

“मोठेबा, मले तं आधीपासूनच माईत होतं,” ती म्हणाली. “सरपंचकाका म्हनले, चालू ठेव. लिनक्स येतच होतं, तुमच्यामुळं बाकी दोनही शिकाले भेटले.”

शालिग्रामलाही हसू आलं. पण लालसिंगचं हसणं मधेच थांबलं आणि तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, “एक गोष्ट मात्र लागली मले. जे बैलाच्या तोंडून बोलला, ते माह्या ओट्यावर येऊन काहून नाई बोलला? सरपंच झालो म्हनून मी मेलो काय? अन् तुहा बैलही भेकडच हाय. मिशीच्या खाली उतरतच नाई तो. गावातली खरी गोष्ट त्यालेही बोलता येत नाई.”

“कोणती खरी गोष्ट?”

“ते तुले माईत हाय,” लालसिंग म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

शालिग्राम घरी निघाला तो शाळेच्या बाजूनं. शाळेमागं पाण्याची टाकी उभी होती. लालसिंगच्या पहिल्याच वर्षात बांधलेली, रंगवलेली, त्याच्या नावाची फरशी लावलेली. गावभर नळ बसले होते. आणि आजवर एकाही नळाला टिपूस आलं नव्हतं. बायका अजूनही विहिरीवरून हंडे वाहत होत्या, कस्तुराबाईही. गावात प्रत्येकाला हे ठाऊक होतं आणि सरपंचासमोर कुणीही टाकीचं नाव काढत नव्हतं. बैलानंही काढलं नव्हतं. शालिग्राम टाकीखाली जरा वेळ उभा राहिला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

ग्रामसभा भरली ती खच्चून. एरवी कोरम भरायला घरोघर फिरावं लागतं, त्या दिवशी पाळण्यातली पोरंसुद्धा आणली होती. सगळ्यांना सगळं माहीत, आणि सगळ्यांची तोंडं अशी कोरी, जणू आज नवीनच काही कळणार आहे. आमचं गाव नाटकात नाही गेलं म्हणून, नाहीतर बक्षिसं ठेवायला जागा पुरली नसती.

“चौकशी समितीचे अध्यक्ष आपला अहवाल मांडतील,” लालसिंगनं माईकवर जाहीर केलं.

शालिग्राम उठला. समोर पाहिलं. त्यानं माईक हातात घेतला, नाक चिमटीत धरलं आणि बैलाच्या आवाजात म्हणाला, “गाववाले हो, तुमचा चोर माह्याच गव्हाणीत सापडला.”

अख्खी सभा फुटली. लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसले, म्हाताऱ्यांना ठसका लागला, मागून कोणीतरी “रोडगे कवा?” म्हणून ओरडलं. शालिग्रामला बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं. तो खाली बसायला वळला.

“थांब,” लालसिंग म्हणाला. “ठराव तुहाच हाय. तोंडानं कबुली. बैलाच्या नाई, तुह्या.”

हसणं ओसरलं. शालिग्रामनं नाकावरची चिमटी सोडली. माईक एकदम जड झाला. साध्या आवाजात बोलायला त्याला शब्दच सापडेनात. जन्मभर ठराव मांडलेला माणूस, पण हे ठरावासारखं बोलता येणारं नव्हतं. त्यानं सभेत मागं बसलेल्या कस्तुराबाईकडं पाहिलं, मग लालसिंगकडं.

“मोबाईल म्याच चालवत होतो,” तो म्हणाला. “रोज. चुकलं माहं, रोडगे देतो.” आणि मग, थांबून, “अन् लाल्या, तुह्या टाकीत पाणी नाई.”

ओट्यावरची ती चार माणसं पुढच्याच रांगेत होती, त्यांच्या माना एकदम खाली गेल्या. भर सभेत, सरपंचाला, ‘लाल्या’!

लालसिंगनं मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, “हो. नाई.” त्यात पुस्तकी भाषा कुठंच नव्हती. “विहिरीवरून टाकीलोक पाईपच टाकला नाई ठेकेदारानं. मी सही करून बसलो. लाजेनं कोणाले सांगतलं नाई. तू तरी म्हनशील म्हनून वाट पाहून राह्यलो होतो.”

“मंग आता काय करतं?”

“तेच ठरवू. आता बसले हावोतच सारे.”

त्यावर अशी गलबल उठली, की कोण काय बोलतंय ते समजेना. बाया पहिल्यांदाच पुढं सरकल्या. कोणी ठेकेदाराला शिव्या दिल्या, कोणी लालसिंगला तोंडावर दिल्या, आणि त्यानं त्या खाली मान घालून घेतल्या. योगिनी लिहून घेत होती. शालिग्राम छाती पुढं काढून बसला होता. आज आपण काहीतरी केलं, असं त्याच्या चेहऱ्यावर अगदी स्पष्ट दिसत होतं.

“पाण्याचं झालं,” लालसिंगनं माईक पुन्हा ओढून घेतला. “आता शाल्या, उभा राह्य. बैलानं साऱ्या गावाचं काढलं, एक तुहंच नाई काढलं. ते आता मी काढतो, तोंडावर. पहिली गोष्ट, हा माणूस स्वतःले लय शहाणा समजते.”

सभा पुन्हा सावरून बसली. शालिग्राम उभा राहिला, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

“आरामात बोला, भाऊजी,” मागून कस्तुराबाई पदर खोचून उठली. “तुमचं झालं की मी हावोच.”